कँटीनमध्ये ताळेबंद

सध्या मी भेटेल त्याला धरून शेअरबद्दल सांगतो आहे. शेअरबाजाराबद्दल नव्हे; तिथे आज काय चढलं आणि काय आपटलं याच्याशी मला देणंघेणं नाही. ज्या कारखान्यात आपण रोज राबतो त्याच कारखान्याचा एक छोटासा हिस्सा कायद्याने, कागदावर, आपल्या नावाने असू शकतो, एवढीच गोष्ट मी सांगतो. सरावलीहून डहाणू रोड स्टेशनला येताना रिक्षात सांगतो, गाडी वाणगाव सोडेपर्यंत सांगतो, बोईसरला उतरून कारखान्याच्या गेटपर्यंत चालताना सांगतो. आणि सांगताना प्रत्येक वेळी वाटतं, हे आम्हाला कुणी आधी का सांगितलं नाही? शाळेत नाही, आयटीआयमध्ये नाही, युनियनच्या सभेत नाही, बँकेत नाही!

तारापूर एमआयडीसीतल्या एका लहान प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात मी हिशेब बघतो. पंपांना आणि व्हॉल्व्हना लागणारे सुटे भाग आमच्याकडे बनतात. मालकांना सगळे शेठ म्हणतात. त्यांची मुलगी दोन-चार वर्षांपासून कामात लक्ष घालते, तिला आम्ही ताई म्हणतो. एकदा जीएसटीचं रिटर्न भरत असताना ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "जुन्या माणसांना कंपनीचे शेअर द्यायचे झाले तर काय काय करावं लागेल, जरा बघून ठेवाल का?" हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाच्या तोंडून 'ईसॉप', म्हणजे नोकरदारांना कंपनीचे शेअर देण्याची योजना, हा शब्द मी ऐकला होता. पण लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला, ग्राइंडरवाल्याला, स्टोअरमधल्या मावशीला शेअर? मी "बघतो" म्हटलं आणि कायद्याचं पुस्तक उघडलं. त्या रात्री दिवा मालवायला किती वाजले ते मी पाहिलंच नाही.

कारण सगळं तिथे लिहिलेलंच आहे हो! कंपनी कायदा 2013, कलम 62. कंपनी नवे शेअर काढते तेव्हा ते कामगारांना ईसॉप योजनेखाली देता येतात. बड्या कंपन्यांपुरतं नाही, आमच्यासारख्या पत्र्याच्या शेडमधल्या कंपनीलाही. उलट प्रायव्हेट कंपनीला हे सोपं केलंय: 2015 च्या अधिसूचनेपासून त्यासाठी विशेष ठराव लागत नाही, भागधारकांचा साधा ठराव पुरतो. आज कामगाराला पत्र द्यायचं की अमुक इतके शेअर अमुक किमतीला घेण्याचा तुझा हक्क आहे. तो हक्क पक्का व्हायला कमीत कमी एक वर्ष जावं लागतं, याला व्हेस्टिंग म्हणतात. हक्क पक्का झाला की ठरलेली किंमत भरून शेअर घ्यायचे. नको असतील तर घेऊ नयेत, कुणाची जबरदस्ती नाही. समजा आज शेअरची किंमत 100 रुपये आहे आणि पत्रात 40 लिहिले. तीन वर्षांनी कंपनी वाढून शेअर 250 चा झाला तरी कामगार 40 च भरणार. मधले 210 हे त्याने तीन वर्षं ज्या कारखान्याला वाढवलं त्याचं फळ. प्राप्तिकर खातं त्या 210 ला पगारच समजतं आणि त्यावर कर घेतं, पुढे विकताना आणखी नफा झाला तर त्यावर वेगळा कर, हेही खरं. पण तो कर का होईना, भरण्यासारखं काही हाती तर आलं!

नियमांत एके ठिकाणी तर मी थांबलोच. हक्क पक्का होण्याआधी कामगार वारला, तर त्याला दिलेले सगळे हक्क त्याच दिवसापासून वारसांकडे जातात. कामावर असताना कायमचं अपंगत्व आलं, तर ते त्याच दिवशी पक्के होतात. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाच्या घरच्यांना या एका ओळीची किंमत विचारा. आणखी एक: मालक, मालकाच्या घरचे, दहा टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेले संचालक यांना या योजनेत येता येत नाही. म्हणजे कामगारांच्या नावाने योजना काढून शेअर पुन्हा घरातच फिरवायची वाट कायद्याने बंद केली आहे. पैसे नसतील तर? कलम 67 बघा. पूर्ण भरणा झालेले शेअर घेण्यासाठी कंपनी कामगाराला सहा महिन्यांच्या पगाराइतकं कर्ज देऊ शकते. किंवा एक ट्रस्ट काढून, त्याला पैसे देऊन, कामगारांच्या वतीने शेअर ट्रस्टमध्ये ठेवू शकते. मी पालघरच्या आमच्या सीएंना फोन करून विचारलं, "सर, हे खरंच असं आहे?" ते म्हणाले, "आहे ना. कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही."

मग ताईने शेठचं मन वळवलं. मूल्यांकन करणाऱ्याला बोलावलं, ठराव झाला, पत्रं टाइप झाली. मराठीत टाइप करायची हा माझा हट्ट, आणि तो चालला! अजून कुणाच्या नावावर शेअर चढलेले नाहीत, वर्ष व्हायचं आहे. पण पत्रं वाटली त्या शनिवारी कँटीनमध्ये जे घडलं ते मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

ताईने ठरवलं होतं की ज्यांना शेअर द्यायचे त्यांना आधी कंपनी कळली पाहिजे. म्हणून तिने मला ताळेबंद आणि नफातोटा पत्रक मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावायला सांगितलं. इतकी वर्षं मी हे आकडे कपाटात कुलूप लावून ठेवतो. मी एकेक ओळ वाचायला लागलो. विक्री. कच्चा माल. वीज. पगार. व्याज. पहिली पाचेक मिनिटं सगळे गप्प होते, चहाचे ग्लास हातात तसेच. आणि मग आमचे सगळ्यांत जुने टर्नर, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी हात वर केला.

"भाऊ, हे व्याज एवढं कशाचं?"

"काका, गिऱ्हाईक बिलाचे पैसे तीन-तीन महिने लावतं. तोवर बँकेकडून उचलून पगार भागवतो, त्याचं."

"म्हणजे आम्ही रात्रपाळी करून माल वेळेत काढायचा, आणि त्याने तो बिनपैशाचा वापरायचा?"

"तसंच."

"मग कायदा नाही का काही?"

होता! 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासकट. मला तो ठाऊक होता, शेठना ठाऊक होता. पण मोठं गिऱ्हाईक तुटेल या भीतीने आम्ही तो कधी तोंडावर आणला नव्हता. काकांनी सरळ विचारलं, "नुसतं पत्र लिहायला काय हरकत आहे?" पत्र गेलं. पैसे झपाट्याने आले असं मी म्हणणार नाही, पण फोन आला, तारीख ठरली.

नंतर प्रश्नांची रांगच लागली. ग्राइंडिंगवाल्या पोराने विचारलं, एका इन्सर्टची, म्हणजे धातू कापायच्या पात्याची, किंमत किती? सांगितल्यावर तो शेजाऱ्याकडे बघत म्हणाला, "आणि आपण एक कडा गेली की टाकून देतो!" रिजेक्शनची ओळ वाचली तेव्हा तर गलका झाला. कुणी म्हणालं कास्टिंगच खराब येतं, कुणी म्हणालं दुसऱ्या पाळीला गेज मिळत नाही, इन्स्पेक्शनवाला संध्याकाळी सहालाच जातो. एकेक कारण असं बाहेर पडत होतं, जे ऑफिसमध्ये बसून मला दहा वर्षांत कळलं नसतं. तलासरीहून येणाऱ्या स्टोअरच्या मावशी शेवटी बोलल्या. त्यांनी विचारलं, "नफा झाला त्यातला किती घरी नेला आणि किती मशीनला घातला?" अहो, कंपनीच्या वार्षिक सभेत विचारायचा याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही!

मला पैशापेक्षा हे मोठं वाटतं. शेअरमधून मिळणारी रक्कम आमच्याकडे लहानच असणार, त्याबद्दल मी कुणाला भलती आशा लावत नाही. पण कामगार भागधारक झाला की त्याला वार्षिक सभेचं बोलावणं येतं, ताळेबंदाची प्रत येते, हात वर करून मत देता येतं. जो माणूस काल फक्त हजेरीपटावर होता त्याला आकडे विचारायचा अधिकार मिळतो. आणि माणसं विचारू लागली की कारखाना सुधारतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचतोय. आणि किती जुना आहे हा विषय! आपल्या मुंबईत! पहिल्या महायुद्धात गिरण्यांना प्रचंड नफा झाला, मालकांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. मग 1923 मध्ये धंदा मंद झाल्याचं सांगून तो नाकारला. 1924 च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या, मोठा संप झाला. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने सांगितलं की बोनसवर कामगारांचा कायद्याने हक्क नाही. म्हणजे शेठची मर्जी! तिथून 1950 पर्यंत यायला सव्वीस वर्षं लागली. त्या वर्षी मुंबईचा गिरणी मालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून काय काय वजा करायचं आणि उरल्यावर कामगारांचा वाटा कसा काढायचा याचं सूत्रच घालून दिलं. नंतर मेहेर आयोग, आणि 1965 चा बोनस कायदा: जास्तीत जास्त 20 टक्के, आणि कमीत कमीचा आकडा पुढे 8.33 वर आला. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एका महिन्याचा पगार. दिवाळीत आपण जो बोनस मोजून घेतो, त्याच्यामागे परळ-लालबागच्या माणसांनी उपाशी काढलेले महिने आहेत. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने तर 1934 मध्येच नफ्यातला हिस्सा कामगारांना द्यायला सुरुवात केली होती, कायद्याच्या एकतीस वर्षं आधी.

पण बोनस म्हणजे नफ्यातला वाटा, मालकीतला नाही. हे दोन्ही एकत्र आले तर काय होतं याचं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपण रोज जेवताना तळून खातो! 15 मार्च 1959, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये, आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. मला हे नाव जाहिरातीतल्या सशामुळे माहीत होतं. तिथे काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण असते, हे मात्र आत्ता कळलं. पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणून द्यायचे, मजुरी हाती घ्यायची, आणि नफा झाला तरी सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. संचालक मंडळावर पापड लाटणाऱ्या बहिणीच. आज हजारो बायका, अनेक राज्यांत शाखा. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. या बायकांकडे भांडवल नव्हतं, पदव्या नव्हत्या. साठ वर्षांवर चाललेला हा धंदा बघितल्यावर "कामगारांना मालकी झेपत नाही" असं कुणी म्हणालं तर मी त्याच्यापुढे पापडाचं पाकीट ठेवतो.

आणि कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज! ही गोष्ट मला वाचताना अंगावर काटा आला. तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारा नावाजलेला कारखाना, मालक कुटुंबातले वाद, थकलेली देणी, आणि 1985 मध्ये टाळं. दुसऱ्या कुठल्याही कारखान्याचे कामगार पांगले असते. कमानी एम्प्लॉईज युनियनने मात्र डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखाली सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि मागितलं काय, तर कारखाना आम्हालाच चालवायला द्या! आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाकडे योजना गेली, 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर मोहोर उठवली, कामगारांनी सहकारी संस्था काढली, आपल्या प्रॉव्हिडंट फंडातला, येण्यातला पैसा भांडवल म्हणून घातला, आणि 1989 मध्ये भट्टी पुन्हा पेटली. शेकडो कामगार त्याच गेटमधून मालक म्हणून आत शिरले. तो दिवस कसा असेल! पुढे नव्वदच्या दशकात कारखाना पुन्हा अडचणीत आला. खेळतं भांडवल अपुरं, बाजार बदललेला. हे लपवण्यात अर्थ नाही, उलट ते मोठ्याने सांगितलं पाहिजे: मालकी मिळाली म्हणून बँकेने कच्च्या मालाला पैसे देणं आपोआप सुरू होत नाही. तरी ज्या कारखान्याला मालकांनी सोडलं तो कामगारांनी पुन्हा उघडून चालवून दाखवला, हे कुणालाही पुसता येणार नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली, 1993 मध्ये बाजारात आली आणि 1994 मध्ये तिने कर्मचाऱ्यांसाठी शेअरची योजना काढली. तिथून ईसॉप हा शब्द आपल्या मध्यमवर्गाच्या घरात आला. पण तो तिथेच अडकला, इंजिनियरांच्या घरात. एमआयडीसीच्या बसमध्ये तो चढलाच नाही, आणि मला चढवायचा आहे तो तिथेच.

मी घरी हे सगळं बोलत होतो तेव्हा बायकोने मला थांबवलं. तिचं माहेर डहाणू गावातल्या किनाऱ्यावरचं. ती म्हणाली, "यात नवीन काय? बोटीवर असंच असतं." आणि खरंच! आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत हीच आहे. मासळीचे पैसे आले की डिझेल, बर्फ, रेशनचा खर्च आधी काढायचा. उरलेल्यात बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा आणि खलाशांचे वाटे. समुद्र भरभरून देईल तेव्हा सगळ्यांना, रिकाम्या हाती परत पाठवेल तेव्हा सगळेच रिकामे. खाली सिंधुदुर्गात रापण ओढतात तिथेही ओढणाऱ्याला वाटा असतो. नफ्यातला हिस्सा वाटायला कुणी परदेशातून शिकवायला आलं नव्हतं. आता हीच रीत सुटत चालली आहे. आमच्या डहाणू-तलासरीची कितीतरी आदिवासी पोरं पावसाळा संपला की ओखा-पोरबंदरकडे बोटींवर जातात, ठरलेल्या पगारावर, महिनोन्‌महिने. जाळं कितीही भरलं तरी त्यांचा आकडा तोच. समुद्रात पाकिस्तानच्या सरहद्दीजवळ पकडले गेले तर तुरुंग मात्र त्यांच्या वाट्याला. जोखीम पूर्ण त्यांची आणि वाटा कुणाचा तरी दुसऱ्याचा, हे मला आता बघवत नाही.

वाटा देण्याचा विचार जंगलातही जुनाच आहे. 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरीला वारली जमले, शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान असताना, 1947 पासून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. लाकूड तोडायचा ठेका ठेकेदाराला न देता तोडणाऱ्यांच्याच सोसायटीला. कुऱ्हाड चालवणारा माणूस शेअर घेऊन सभासद, मजुरीही त्याची आणि उरलेल्या नफ्यात भागही त्याचा. सगळ्या सोसायट्या चांगल्या चालल्या असं नाही. काहींत सभासद सही-अंगठ्यापुरते उरले आणि कारभार दुसरेच बघू लागले. पण सरावलीपासून हाकेच्या अंतरावरच्या जंगलात, स्वातंत्र्याच्या वर्षी, अक्षरओळख नसलेल्या माणसाला भागधारक करायचा विचार कुणीतरी केला होता! आणि आज आम्ही, बारावी-आयटीआय झालेले, तोच विचार धाडसाचा समजतो.

जगात डोकवावं तर डोळे दिपतात. स्पेनच्या बास्क भागात मोन्ड्रागॉन म्हणून गाव आहे. तिथे आरिझमेंडिआरिएटा नावाच्या एका पाद्र्याने तंत्रशाळा काढली, त्याच्या विद्यार्थ्यांनी 1956 मध्ये स्टोव्ह बनवायचा छोटा सहकारी कारखाना काढला, आणि आज तिथे हजारो कामगार-मालकांचा उद्योगसमूह उभा आहे, बँक आणि विद्यापीठासकट. वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतरही ते स्वतः मतदानाने ठरवतात. इंग्लंडच्या जॉन लुईस दुकानांच्या मालकाने, स्पेडन लुईसने, 1929 मध्ये धंदा कर्मचाऱ्यांसाठीच्या ट्रस्टच्या हवाली करायला सुरुवात केली. फ्रान्सने 1967 मध्ये, द गॉल राष्ट्राध्यक्ष असताना, मोठ्या कंपन्यांना नफ्यातला हिस्सा कामगारांना देणं बंधनकारकच केलं. मेक्सिकोत नफ्याचा दहावा हिस्सा कामगारांचा. आणि आपल्या राज्यघटनेत? 1976 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 43-अ, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असं सांगणारं. घटनेतच आहे!

आता ज्यांना माझ्यासारखाच उत्साह येईल त्यांना काही गोष्टी मी हात धरून सांगतो. सगळी पुंजी आपल्याच कंपनीच्या शेअरमध्ये घालू नका. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे एन्रॉन कंपनी आपल्याला चांगली ठाऊक. 2001 मध्ये ती बुडाली तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांची नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकदमच गेली, कारण पुंजीचा मोठा भाग एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. म्हणून पगार कमी करून शेअर देऊ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. शेअर पगाराच्या वर हवा, पगाराच्या जागी नव्हे. प्रॉव्हिडंट फंडाला हात नको. दुसरं, प्रायव्हेट कंपनीचा शेअर बाजारात विकला जात नाही. निवृत्त झाल्यावर किंवा पोरीच्या लग्नाला पैसे लागले तर तो घेणार कोण, हे पहिल्याच पत्रात लिहून घ्या: कंपनी परत घेणार की ट्रस्ट, किंमत कोण ठरवणार, किती दिवसांत पैसे देणार. आमच्या पत्रात हे कलम काकांनी घालायला लावलं. पहिल्या मसुद्यात ते नव्हतं.

आणि तिसरं, जे मला रोज टोचतं. नियम म्हणतो कायम कामगार. पण आमच्या एमआयडीसीत निम्मं काम ठेकेदाराच्या माणसांवर चालतं. त्याच मशीनवर, त्याच घामात, शेजारी उभा असलेला पोरगा कंत्राटी आहे म्हणून त्याला शेअर नाही. बोनसवर मात्र त्याचा हक्क आहे. बोनसच्या कायद्यात वर्षातले तीस दिवस काम केलेल्याला बोनस मिळतो, आणि त्यात ठेकेदाराचा माणूसही येतो. तो त्याला मिळतो का, हे कायम कामगारांनी विचारलं पाहिजे. आम्ही विचारलं. पुढच्या वर्षीच्या नफ्यातून सगळ्यांना, कंत्राटी धरून, एक सारखी रक्कम वाटायची असं ताईने कबूल केलंय. ज्या योजनेत अर्धी शेड बाहेर राहते ती योजना मला अर्धीच वाटते.

आता एक मोठी गोष्ट बोलतो, कारण डहाणूत राहून ती टाळता येत नाही. वाढवणला बंदर येतंय. ते हवं की नको यावर आमच्याकडे घराघरांत दोन मतं आहेत आणि तो वाद मी इथे काढत नाही. पण त्यासाठी जी कंपनी उभी केली आहे तिच्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा 74 टक्के आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा 26. चौऱ्याहत्तर आणि सव्वीस, शंभर संपले! प्रत्येक सभेत नोकऱ्या किती देणार हे विचारलं जातं. हिस्सा किती देणार हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. हडपसरच्या मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी विचारलं होतं. चारशेहून जास्त एकर जमीन त्यांनी बिल्डरला विकली नाही. सतीश मगर यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले, आणि आज त्या शहराचे ते भागधारक आहेत. वरोर-चिंचणीच्या डायमेकरने, धाकटी डहाणूच्या तांडेलाने, बंदरावर उद्या क्रेन चालवणाऱ्या पोराने हा प्रश्न विचारला तर त्यात गैर काय?

तुमच्याकडे फुग्यांचा कारखाना असो, डायचं वर्कशॉप असो की चिकू वाळवण्याचं युनिट, आणि ते कंपनी म्हणून नोंदलेलं असेल, तर तुमच्या सीएंना एक फोन करा आणि ईसॉपची माहिती मागा. कंपनी नसेल, भागीदारीचा धंदा असेल, तर नफ्यातला ठरलेला टक्का कामगारांना देणारा करार करता येतो. आणि तुम्ही कामगार असाल तर येत्या दिवाळीआधी बोनसची बोलणी सुरू होतील तेव्हा टक्का ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी मागा: गेल्या वर्षीचा ताळेबंद, आणि तो समजावून सांगायला एक तास. आमच्या पत्रांचा मराठी मसुदा मी जपून ठेवला आहे. ज्याला हवा असेल त्याने सकाळी डहाणू रोडहून बोईसरकडे जाणाऱ्या गाडीत मला गाठावं. प्रत मी तिथेच देईन.